मोजून जेवते, तरी वजन अडतंय: आपलं प्रमाण शोधताना काय तपासावं

अडचण अशी. तक्ता हातात आहे, त्याप्रमाणे जेवण चालू आहे, पहिल्या दोन आठवड्यांत दोन-अडीच किलो उतरलेही, आणि नंतर काटा जागचा हलत नाही. मग चिडून आणखी कमी खायचं, पंधरा दिवस कसंबसं रेटायचं, एखाद्या लग्नात किंवा सणाला सगळं सुटायचं आणि महिन्याभरात वजन पुन्हा होतं तिथे. काही महिन्यांनी परत श्रीगणेशा. माझ्या बाबतीत तीन वर्षांत हे चार वेळा झालं. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन तेव्हा ७६ किलो, दिवसभर बसून काम, घरात चार माणसं. हे आकडे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. तुमचे आकडे घालून तुम्हालाही तो करता येईल.

पाचव्या वेळी मी तक्ता बाजूला ठेवला आणि आपल्याच स्वयंपाकघरातल्या गोष्टी मोजायला घेतल्या. तेव्हा कळलं की चूक माझ्या मनोनिग्रहात नव्हती. मी किती खाते हे मला माहीत नव्हतं, आणि मला किती लागतं हेही माहीत नव्हतं.

त्याआधी एक सांगायलाच हवं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जेवण अचानक कमी केल्यावर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारून औषधाचं प्रमाण बदलल्याशिवाय यातलं काही करू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, १८ वर्षांच्या आतली मुलं, किडनीचे रुग्ण आणि पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेल्यांनीही नको. वजन वाढण्याबरोबर थकवा, थंडी न सोसणं, पाळीत बदल असं काही असेल तर आधी थायरॉइडची तपासणी करून घ्या. स्टेरॉइडमुळे आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांमुळेही वजन वाढतं. पण म्हणून औषध आपल्या मनानं बंद करायचं नसतं.

पहिल्या पंधरवड्यातले दोन किलो

यकृतात आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. जेवण कमी झालं की शरीर आधी हा साठा वापरतं आणि पाणी बाहेर पडतं. लोणचं-पापड-फरसाण बंद झाल्यानं मीठ कमी होतं, त्यानेही पाणी उतरतं. म्हणजे ते दोन किलो खरे, पण त्यात चरबी थोडी असते. एक किलो चरबी जायला सुमारे ७७०० कॅलरींची तूट पडावी लागते. (पाकिटावर किलोकॅलरी छापलेलं असतं. बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो.) रोज ३५० ची तूट पडली तर एक किलो जायला २२ दिवस लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘अडलं’ असं जे वाटतं, त्यातलं बरंचसं अडलेलं नसतंच. पाणी उतरण्याचा वेग संपून चरबी उतरण्याचा वेग सुरू झालेला असतो. मी तीनदा नेमकी याच टप्प्यावर हताश होऊन सोडून दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हेच उलटही खरं. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी काटा एक किलो वर दिसला, तर ती एक किलो चरबी नव्हे. एका जेवणात गरजेपेक्षा ७७०० कॅलरी जास्त खाणं कुणालाच जमत नाही. ते मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न असतं, तीन-चार दिवसांत उतरतं.

वाटी कोणती?

वजन कमी करण्याच्या एका केंद्रातून मला तक्ता मिळाला होता. दोन फुलके, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक वाटी भात. दिवसाच्या कॅलरी १२००. वाटी केवढी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

घरातल्या सगळ्या वाट्या काढा, पाण्याने भरा आणि मोजपात्राने मोजा. औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते झाकणसुद्धा चालेल, वेळ जरा जास्त लागेल. माझ्याकडे १२० मिलिलिटरपासून २५० मिलिलिटरपर्यंत चार मापांच्या वाट्या निघाल्या. १५० मिलिलिटरच्या वाटीत शिजलेला भात साधारण ११० ग्रॅम बसतो, म्हणजे १४५ कॅलरी. २५० च्या वाटीत १८५ ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी. दोन्हीला आपण ‘वाटीभर भात’च म्हणतो. आता माझ्यापुरती एकच वाटी ठरवली आहे. ती बाजूला ठेवलेली असते आणि दुसऱ्या कुणाला वाढायला वापरत नाही.

चपातीचंही तेच. तोलकाटा नसेल तर एक घ्या, भाजीपाल्याच्या दोन-तीन फेऱ्यांच्या पैशांत येतो. ३० ग्रॅम कणकेची चपाती १०५ कॅलरींची. घडीची असेल आणि आतून-बाहेरून तेल लागलं असेल तर १३०. ज्वारीच्या भाकरीला एका वेळी ६० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे २०५. ‘भाकरी हलकी असते’ म्हणून चपातीच्या जागी तितक्याच भाकरी खाणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो. भाकरी चांगलीच, तिच्यानं पोट धरून राहतं. पण एक भाकरी दोन तेलाशिवायच्या चपात्यांबरोबर मोजावी लागते.

तेलाच्या पिशवीवर तारीख लिहा

सगळ्यात जास्त फरक मला इथे सापडला, म्हणून थोडं सविस्तर.

फोडणीत तेल किती पडलं हे चमच्याने मोजलं तरी एका माणसाच्या ताटात किती आलं ते कळत नाही. त्यापेक्षा सोपी रीत अशी: पिशवी किंवा डबा फोडला की त्यावर तारीख लिहायची, संपला की दुसरी तारीख. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम, पिशवीवर छापलेलंच असतं. आमच्या चार माणसांत महिन्याला ५ लिटर जात होतं. ४५५० ग्रॅम भागिले ३०, भागिले ४: माणशी रोज ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३४० कॅलरी. जवळजवळ पाऊण जेवण, आणि ते ताटात दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं पुन्हा प्रसिद्ध केली. त्यांत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. मी तर त्याहून कमी कॅलरींवर होते.

तेल कमी करताना मी बिनतेलाच्या भाज्यांच्या नादी लागले नाही. घरचे जेवेनासे होतात आणि दहा दिवसांत सगळं पूर्ववत होतं. भांडं बदललं. जाड बुडाच्या कढईत झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफवली की फोडणीला निम्म्या तेलात भागतं. तेलाच्या बुधल्यातून ओतणं बंद केलं, चमचा आत ठेवला. वांग्याच्या रश्श्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण असतं, त्यात खोबऱ्याचं स्वतःचं तेल असतंच. त्या दिवशी फोडणी एका चमच्याची. आता ५ लिटर साडेसहा-सात आठवडे पुरतं.

शेंगदाण्याचा कूट हा दुसरा न दिसणारा पदार्थ. कोशिंबिरीत, भेंडीत, वरून चिमूटभर म्हणून जे पडतं ते दिवसाला १५ ग्रॅम होतं, म्हणजे ८५ कॅलरी. शेंगदाणा मी सोडलेला नाही. त्यात प्रथिनं आहेत आणि त्याशिवाय आमच्या जेवणाला चव नाही. फक्त तो आता वहीत लिहिला जातो.

उपवासाबद्दलही थोडं. वाटीभर भिजवलेला साबुदाणा, त्यात मूठभर कूट, तूप, बटाटा, अशी खिचडी बशी भरून खाल्ली की साडेपाचशे कॅलरींच्या घरात जाते. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक. संकष्टीला वजन उतरेल या आशेनं उपवास धरत असाल तर भगर, दही, फळं, राजगिरा याकडे वळा. श्रद्धेचा उपवास असेल तर तो तुमचा आणि देवाचा प्रश्न, त्यात कॅलरींना मध्ये आणू नये असं माझं मत आहे.

पाच दिवस कडक, दोन दिवस सैल

आता माझा त्या वेळचा खरा हिशेब. सोमवार ते शुक्रवार तक्ता १२०० चा. त्यावर न लिहिलेलं जे तोंडात जायचं ते असं: दोन चमचे जास्तीचं तेल ८०, कूट ८५, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी चपाती ६५. म्हणजे प्रत्यक्षात १४३०. शनिवार-रविवार कुणी पाहुणे, कधी बाहेर जेवण, दुपारी भजी, तेव्हा २५००. पाच दिवसांचे ७१५० आणि दोन दिवसांचे ५०००, भागिले ७: रोज सरासरी १७३५.

आणि माझी गरज होती १७९० च्या आसपास. तूट पडत होती ५५ ची. म्हणजे मी पाच दिवस उपाशी राहत होते, चिडचिड करत होते, आणि हिशेबाला वजन जवळजवळ टिकेल एवढंच खात होते.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास झाला होता. रोज १२०० हून कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणारी दहा माणसं निवडली आणि त्यांचा खरा आहार आणि खरी हालचाल शास्त्रीय पद्धतीनं मोजली. त्यांच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च ठीक निघाला. खाणं मात्र ती सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. हे वाचून कुणाला खोटं ठरवू नका. मी स्वतः प्रामाणिकपणे १२०० सांगत होते. उरलेली चपाती टाकायची नाही ही लहानपणापासूनची शिकवण आहे, आणि जे टाकायचं नाही म्हणून खाल्लं ते जेवण म्हणून लक्षातच राहत नाही.

खूप कमी खाणं हीसुद्धा चूकच

१२०० वर अडलं की १००० वर जायचं, हा उपाय मी दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात आले. आहार अचानक तोडल्यावर केस गळायला दोन-तीन महिन्यांनी सुरुवात होते, त्यामुळे कारण लक्षात येत नाही आणि आपण तेल-शाम्पू बदलत बसतो. हात-पाय गार पडणं, बद्धकोष्ठ, उठताना चक्कर, पाळी पुढे जाणं, जिना चढताना मांड्यांतलं बळ गेल्यासारखं वाटणं, ही सगळी प्रमाण फार खाली गेल्याची लक्षणं. फार झपाट्यानं वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने सुमारे १६०० कॅलरींच्या आतल्या आहारावर ठेवलं होतं. युद्धातल्या उपासमारीनंतर लोकांना पुन्हा कसं सावरावं हे शोधण्यासाठी तो प्रयोग होता. त्यांना आठवड्याला मैलोन्‌मैल चालावंही लागे. ही माणसं थंडीनं कुडकुडू लागली, उदास झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. प्रयोग संपल्यावर कितीही खाल्लं तरी त्यांचं समाधान होईना. शनिवारी संध्याकाळी माझा ताबा सुटायचा तेव्हा मी स्वतःला फार बोलायचे. तो स्वभावातला दोष नव्हता, पाच दिवसांच्या उपाशी शरीराची ती मागणी होती. सासूबाई म्हणायच्या, “अगं, घास मोजून खाल्लेलं अंगी लागत नाही.” मोजण्याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण माझी उपासमार त्यांना माझ्याआधी दिसली होती.

मग आपला आकडा काढायचा कसा

एक सूत्र वापरात आहे, मिफ्लिन-सेंट जिओर, १९९० सालचं. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. येईल त्यातून बाईसाठी १६१ वजा, पुरुषासाठी ५ अधिक. माझे ७६० + ९८७.५ − २१० − १६१ = १३७६. नुसतं पडून राहिलं तरी एवढं लागतं. बैठं काम असेल तर त्याला १.२ ने गुणायचं, थोडीफार हालचाल असेल तर १.३७५ ने. मी मधलं १.३ धरलं, १७९० आले.

पण सूत्र हा अंदाज आहे, माणसागणिक शंभर-दोनशे सहज इकडेतिकडे. त्यापेक्षा भरवशाची रीत: दोन आठवडे काहीही बदल न करता नेहमीसारखं जेवा, तोंडात जाईल ते सगळं लिहा आणि रोज वजन करा. वजन हललं नाही तर वहीतली सरासरी हीच तुमची गरज. समजा वहीत सरासरी १८५० आणि दोन आठवड्यांत वजन ३०० ग्रॅम वाढलं. ०.३ गुणिले ७७०० भागिले १४ म्हणजे रोजचे १६५ जास्तीचे. गरज झाली साधारण १६८५.

या रीतीचा मोठा फायदा असा की तुमची मोजणी थोडी चुकीची असली तरी बिघडत नाही. कालवणातलं तेल तुम्ही नेहमीच ३० कॅलरींनी कमी लिहीत असाल, तर ती चूक गरजेतही आहे आणि नंतरच्या जेवणातही आहे, दोन्हीकडून कटते. अट एकच, मोजण्याची पद्धत मध्येच बदलायची नाही.

या गरजेतून १५ ते २० टक्के कमी करायचे, त्याहून जास्त नाही. मी १४५० वर आले. आठवड्याच्या पाच दिवशी १४००, शनिवार-रविवारी १६००. ते दोनशे मी मुद्दाम ठेवले, कारण रविवारच्या मटणाच्या रश्श्याशिवाय आमच्या घरात रविवार होत नाही.

ताटातून कमी काय करायचं हेही महत्त्वाचं. डाळ-उसळ-अंडं-दही कमी केलं तर भूक आवरत नाही आणि स्नायू झिजतात. आमची आमटी पातळ असते. वाटीभर आमटीत डाळ २५ ग्रॅमच, म्हणजे प्रथिनं साडेपाच ग्रॅम. म्हणून मटकीची उसळ, दोन अंडी, दही, फुटाणे यांनी ती जागा भरली आणि भात-साखर-तेल यांतून कपात केली.

वजन करण्याची रीत

सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, काटा फरशीवर. रोजचा आकडा लिहायचा, पण त्यावर विचार करायचा नाही. सात दिवसांची सरासरी काढायची आणि सरासरीची तुलना सरासरीशी. बायकांना पाळीच्या आधी एक-दीड किलो पाणी साठू शकतं, म्हणून या महिन्याचा दुसरा आठवडा मागच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याशी ताडून पाहा. जमत असेल तर कंबरेचा घेरही मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

सरासरी आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल तर कशालाही हात लावू नका. पहिल्या पंधरवड्यानंतरही एक किलोहून जास्त उतरत असेल तर खाणं वाढवा. चार आठवडे सरासरी तिथेच राहिली, तर त्याला अडलं म्हणायचं.

खरंच अडलं तर

मी सात महिन्यांत ६९ वर आले आणि तिथे पाच आठवडे थांबले. आधी वही उघडली. कूट लिहायचं सुटलं होतं, चहाबरोबरची दोन बिस्किटंही. ते धरलं तरी काही फरक उरत होता. वजन सात किलोंनी उतरलं की त्याच सूत्राने गरज ९० कॅलरींनी उतरते, आणि शरीर स्वतःहून थोडी काटकसर करतं ती वेगळी. काल जे प्रमाण कमी करणारं होतं ते आज टिकवणारं झालेलं असतं.

इथे दोन वाटा असतात. शंभर-दीडशे कमी खाणं, म्हणजे तेलाची एक चपाती, किंवा तेवढंच जास्त चालणं. ७० किलोच्या माणसाचे चार किलोमीटर चालण्यात जास्तीचे १४० च्या आसपास खर्च होतात. मनगटावरचं घड्याळ बहुधा याहून बरंच जास्त दाखवतं, ते पाहून संध्याकाळी बक्षीस म्हणून काही खाऊ नका. मी चालणं निवडलं, कारण ताट त्याहून लहान केलं असतं तर शनिवारची ती जुनी गोष्ट परत आली असती. फार थकला असाल तर तिसरी वाटही आहे: दोन आठवडे टिकवण्याच्या प्रमाणावर जेवा, वजन राखा, आणि मग पुन्हा सुरू करा. तेवढ्यानं काही वाया जात नाही.

सध्या माझा दिवस असा जातो. सकाळी दोन अंडी, एक चपाती, एक चमचा साखरेचा चहा. डब्यात एक भाकरी, मटकीची उसळ, एक पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. चारला पेरू किंवा मूठभर फुटाणे आणि चहा. रात्री माझ्या त्या वाटीनं एक वाटी भात, दाट आमटी, भाजी, दही. बेरीज १४३०, प्रथिनं ६० ग्रॅम. मुलाच्या ताटात अर्धी चपाती उरलीच, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीच्या चपातीत जाते आणि तिथे मोजली जाते.